एकच एमी, तेही रंगभूषेला

मामा आला होता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो अधूनमधून डोकावून जातो, कधी शेवग्याच्या शेंगा घेऊन, कधी नुसताच. त्या संध्याकाळी पावसाने झोड उठवली होती. हॉलमध्ये बामाचा आणि ओल्या छत्रीचा वास एकमेकांत मिसळलेला, आई दिवाणावर पाय लांब करून बसलेली, आणि लेकीने टीव्हीवर ‘गिलमोर गर्ल्स’ ही अमेरिकन मालिका लावलेली. चहा संपेपर्यंत मामाने निमूट पाहिलं. मग कपबशी खाली ठेवत म्हणाला, “काही घडतच नाही गं यात. दोघी नुसत्या बोलतायत.” त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. लेकीने खांदे उडवले, आई काही बोलली नाही, मामा छत्री झटकून निघून गेला. मला मात्र ते वाक्य रात्री ओटा पुसताना टोचलं, सकाळी दूध तापवतानाही टोचलं. कारण त्या चहाएवढ्या वेळात पडद्यावर काय घडलं होतं ते मी पाहिलं होतं. लोरलाय नावाच्या मुलीने आईकडे, एमिलीकडे, पैसे मागितले होते. सोळाव्या वर्षी दिवस गेलेली, लग्नाला नकार देऊन तान्ह्या लेकीसह घर सोडून गेलेली ही मुलगी, त्याच लेकीच्या, रोरीच्या, शाळेच्या फीसाठी आईवडिलांच्या दारात परत आली होती. आणि आईने पैसे दिले होते, एका अटीवर: दर शुक्रवारी रात्री जेवायला यायचं.

एवढं सगळं घडलं, ते बोलण्यातूनच घडलं.

‘नुसत्या बोलतायत’ हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आजोळी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून आजी आणि आई पावटे सोलायला बसायच्या. येणाराजाणारा पुरुष हमखास विचारायचा, “संपल्या का गप्पा?” त्या काळात आईची तालुक्याबाहेरच्या शाळेत बदली झाली होती आणि तिने एकटीने तिकडे जाऊन राहावं हे आजीला अजिबात पसंत नव्हतं. पण ‘जाऊ नकोस’ असं आजी एकदाही म्हणाली नाही. ती म्हणाली, “तिथलं पाणी जड आहे म्हणे.” आई म्हणाली, “उकळून पिईन.” थोड्या वेळाने आजी म्हणाली, “केस गळतात तसल्या पाण्याने.” आई म्हणाली, “गळू देत.” मग बराच वेळ शेंगा फुटल्याचा आवाज तेवढा येत राहिला. निघायच्या दिवशी आजीने आपली तांब्याची कळशी चिंच लावून लखलखीत घासली आणि आईच्या सामानात ठेवून दिली. विरोध, भांडण, निर्णय, परवानगी, सगळं त्या पावट्यांच्या टरफलांत पार पडलं होतं. शेजारून गेलेल्या माणसाला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, बायका पाण्यावर बोलत होत्या.

शुक्रवारचं जेवण हे थेट असंच आहे. आधी ड्रिंक्स, मग सॅलड, मग मुख्य जेवण. वाढायला दर वेळी नवी मोलकरीण, कारण एमिली गिलमोर मोलकरणी टिकू देत नाही. बोलणं चालतं हवेवर, कपड्यांवर, क्लबमधल्या कुणावर तरी. लोरलाय विनोद करते, एमिली विनोद ऐकलाच नाही असं दाखवते, तिचा नवरा रिचर्ड पेपरची घडी घालतो, मधोमध बसलेली रोरी दोघींकडे आळीपाळीने पाहते. आणि या सॅलडवरच्या बोलण्याखालून सोळा वर्षांची जखम वाहत असते. मला या मालिकेचं जे अप्रूप आहे ते हेच. इथे मोठं भांडण कधी मोठ्या विषयावर होत नाही.

समीक्षकांना हे कळलं नव्हतं असं नाही. ५ ऑक्टोबर २००० रोजी ‘द डब्ल्यूबी’ नावाच्या लहानशा, तरुण प्रेक्षकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. वेळ मिळाली गुरुवारी रात्री आठची, म्हणजे समोर ‘फ्रेंड्स’. त्या वेळेला या दोघींना पाहणार कोण? तरीही परीक्षणं बहुतांशी प्रेमाने लिहिलेली होती. संवादांचा वेग, आईलेकीतली मैत्री आणि लोरलाय झालेली लॉरेन ग्रॅहम, या तीन गोष्टी जवळपास प्रत्येकाने टिपल्या. २००१ मध्ये अमेरिकेतल्या टीव्ही समीक्षकांच्या संघटनेने वर्षातला सर्वोत्तम नवा कार्यक्रम म्हणून हिलाच निवडलं. २००७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने आजवरच्या शंभर उत्तम मालिकांची यादी केली, त्यातही ती होती. तक्रारी होत्याच. या फार भरभर बोलतात, यांना फार संदर्भ येतात, खऱ्या आयुष्यात कुणी इतकं हजरजबाबी नसतं. पण तक्रार करणाऱ्याने निदान ऐकलेलं असतं.

शिवाय तिला आणखी एक शिक्का सुरुवातीपासून चिकटला होता. घरातल्या सगळ्यांना एकत्र पाहता येतील असे कार्यक्रम व्हावेत म्हणून मोठ्या जाहिरातदारांनी एकत्र येऊन पटकथालेखनासाठी एक निधी उभारला होता, आणि त्या पैशातून पडद्यावर आलेली ही पहिली मालिका. ‘कुटुंबासाठी’ हा शिक्का बसला की पाहणारा आपोआप सैल बसतो, काही गंभीर असेल अशी अपेक्षाच ठेवत नाही. गंमत म्हणजे त्या निधीतून जी कथा निघाली ती कुमारी मातेची, आणि तिला तिच्या निवडीबद्दल पश्चात्ताप नाही. हे धाडस गोड आवरणात आलं म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

पण एमीचं, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या सर्वांत मानाच्या पुरस्काराचं, काय झालं, हा माझा खरा सल आहे. सात सीझन, १५३ भाग, आणि एमीचं नामांकन अवघं एक. ते लेखनाला नाही. लॉरेन ग्रॅहमला नाही, जिचं नाव एमीने पुन्हा कुणाला डावललं याच्या याद्यांत समीक्षक वर्षानुवर्षं लिहीत राहिले. एमिली झालेल्या केली बिशपलाही नाही, जिने १९७६ मध्ये ब्रॉडवेवर ‘अ कोरस लाइन’साठी टोनी हा रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळवला होता. ग्रॅहमला गोल्डन ग्लोबचं एक आणि अभिनेत्यांच्या संघटनेची दोन नामांकनं मिळाली, ती नाट्यमालिकांच्या गटात. म्हणजे दर मिनिटाला हसवणाऱ्या बाईची गाठ माफियाच्या आणि हेरगिरीच्या कथांतल्या नायिकांशी. मालिका तासाभराची, म्हणून ती ‘ड्रामा’. पण ड्रामा म्हणून पाहावं तर खून नाही, खटला नाही, शस्त्रक्रिया नाही.

यावर कुणी म्हणेल, गटाचा घोळ झाला, वाहिनी लहान होती, मतदारांपर्यंत ती पोचलीच नाही. यात तथ्य आहे. डब्ल्यूबीच्या मालिका एमीवाले फारशा मोजत नसत. तरीही मला एक गोष्ट पचत नाही. नेमक्या त्याच काळात ‘द वेस्ट विंग’ ही मालिका चालू होती. तिथेही माणसं विलक्षण वेगाने बोलत, चालता चालता बोलत, एकमेकांची वाक्यं तोडत, संदर्भांवर संदर्भ फेकत. तिला २००० ते २००३ अशी सलग चार वर्षं सर्वोत्तम नाट्यमालिकेचं एमी मिळालं. बोलण्याची जात तीच होती, जागा वेगळी होती. व्हाइट हाउसच्या कॉरिडॉरमध्ये ते बोलणं बुद्धिमान ठरलं. स्वयंपाकघरात, कॉफीचा मग हातात धरून दोन बायकांनी केलं की त्याची बडबड झाली. मामाने जे चहा पिता पिता म्हटलं, ते पुरस्कार देणाऱ्यांनी सात वर्षं मतपत्रिकेवर म्हटलं.

आणि ते एकुलतं एमी मिळालं कशाला, तर रंगभूषेला.

२००४ साल, चौथ्या सीझनमधला ‘द फेस्टिव्हल ऑफ लिव्हिंग आर्ट’ हा भाग. स्टार्स हॉलो या कनेटिकटमधल्या काल्पनिक गावात एक उत्सव असतो. गावकरी जगप्रसिद्ध चित्रांतली माणसं होऊन चौकटीत उभे राहतात. लोरलाय रेन्वाच्या चित्रातली नाचणारी बाई होते, रोरी पार्मिजानिनोच्या चित्रातली तरुणी, आणि गावातला तो विक्षिप्त कर्क ‘लास्ट सपर’मधला येशू. पडदा सरकतो, दिवा पडतो, आणि ही सतत बोलणारी माणसं श्वास रोखून, पापणी न लववता, मुकी उभी राहतात. रंगभूषा खरोखर अप्रतिम आहे. चेहऱ्यावरची कातडी तैलरंगासारखी दिसते, नाकाच्या कडेची सावली ब्रशने ओढलेली वाटते, आणि ज्यांनी ती केली त्यांनी ते एमी पुरेपूर कमावलेलं आहे. पण ज्या मालिकेचा सगळा जीव बोलण्यात, तिला पुरस्कार मिळाला तो नेमका माणसं गप्प बसल्याबद्दल. त्याच वाहिनीवरच्या ‘बफी’ या मालिकेला लेखनाचं जे एकमेव एमी नामांकन मिळालं, तेही २००० साली ‘हश’ या भागासाठी, ज्यात अख्ख्या गावाची वाचा गेलेली असते आणि निम्म्याहून जास्त भाग बिनसंवादाचा आहे. या दोन नोंदी मी जेव्हा शेजारी शेजारी ठेवते, तेव्हा मला वाईट वाटतं.

बोलणं ‘नुसतं’ असतं तर ते कुणालाही लिहिता आलं असतं. या मालिकेची एका भागाची संहिता साधारण ७५ ते ८० पानांची असे. तासाच्या इतर मालिका पन्नास-साठ पानांत आटपत. तेवढाच वेळ, तेवढेच कॅमेरे, आणि वीसेक पानं जास्त. शिवाय दृश्यं लांबच लांब, मध्ये कट नाही. एक शब्द चुकला की चौकाच्या त्या टोकापासून पुन्हा चालत यायचं. रोरी झालेली ॲलेक्सिस ब्लेडेल तेव्हा अगदी नवखी होती. कॅमेऱ्यासमोर कुठे थांबायचं, कुठे वळायचं याची तिला सवय नव्हती, म्हणून सुरुवातीच्या भागांत ग्रॅहम तिच्या हातात हात अडकवून तिला जागेवर नेत असे. पुन्हा पाहाल तेव्हा पहिल्या सीझनमधले ते हात बघा. लोरलायची बोटं रोरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला असतात, वळणावर किंचित दाब पडतो, रोरीचं पाऊल थांबतं, आणि वाक्य मात्र पुढे चालूच असतं. आपण त्याला आईलेकीची जवळीक म्हणून पाहतो आणि ती जवळीकच आहे. एक अनुभवी बाई एका पोरसवदा मुलीला कामात सांभाळून नेते आहे, ते खरंच आहे. ते पडद्यावर आलं इतकंच.

आणि सातवा सीझन आठवा. २००६ मध्ये करार फिसकटला आणि मालिकेची जन्मदाती शर्मन-पॅलाडिनो नवऱ्यासह बाहेर पडली. नट तेच, गाव तेच, लोरलायचा मित्र लूक, त्याचं डायनर तेच. पण समीक्षकांना आणि प्रेक्षकांना पहिल्या काही भागांतच कळलं की ताल गेला आहे. विनोद होते, वेग होता, पण वाक्य जिथे वळायचं तिथे वळत नव्हतं. सहाव्या सीझनमध्ये लूकची अचानक उगवलेली मुलगी आणून मूळ लेखिकेनेच कथा भरकटवली होती, हेही खरं. तेव्हाची नाराजी मला रास्त वाटते. पण सातव्यातली उणीव वेगळ्या जातीची होती. ती कानाला जाणवत होती. १५ मे २००७ ला मालिका संपली. रोरी ओबामांच्या प्रचारमोहिमेचं वार्तांकन करायला निघून गेली आणि सातव्या सीझनचे टीकाकारही त्या शेवटच्या भागाबद्दल मऊ झाले.

आता या वयात पाहताना मला सगळंच गोड लागतं असं नाही. जाड माणसांवरचे विनोद आज खुपतात. रोरीची मैत्रीण लेन, तिची कोरियन आई बराच काळ नुसती करडी, विचित्र बाई म्हणून वापरली आहे, तिचं मन उघडायला लेखकांनी फार उशीर केला. माझी लेक तर रोरीवर नाराजच आहे. “तिला सगळं आयतं मिळतं आणि तरी ती रडते,” हे तिचं मत. ओटीटीवर सगळे सीझन आल्यावर जी नवी पिढी ही मालिका पाहू लागली, तिच्यात हे मत बरंच पसरलं आहे. २००० साली पुस्तकात डोकं खुपसून बसणारी ही अभ्यासू मुलगी टीव्हीवर दिसली याचंच सगळ्यांना अप्रूप होतं. आता पाहणारे विचारतात, फी कुणी भरली, येलची फी कुणी भरली, विवाहित मित्राशी तिने जे केलं त्याची किंमत कुणी मोजली. हे प्रश्न बरोबर आहेत. मला ते विचारणारी लेक आवडते. पण मालिकेलाही ते प्रश्न माहीत होते असं मला वाटतं. पैसे कुणाचे आणि त्यांच्या बदल्यात काय द्यावं लागतं, हा प्रश्न पहिल्याच भागात त्या जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवला आहे.

माझी आई हे सगळं तिच्या पद्धतीने पाहते. तिने जन्मभर शाळेत शिकवलं, इंग्रजी तिला चांगलं येतं, पण हा वेग तिला झेपत नाही आणि खालच्या ओळी वाचेपर्यंत पुढचं वाक्य निघून जातं. म्हणून ती वाचत नाही, एमिलीचा चेहरा बघते. पहिल्या सीझनच्या अखेरीस एक भाग आहे. रोरी आजीला लोरलाय काम करते ते हॉटेल दाखवायला नेते आणि मोठ्या निरागसपणे मागच्या बागेतली कुंड्या-फावडी ठेवायची खोली दाखवते: आम्ही इथे राहायचो, मी लहान असताना. रोरीच्या मनात त्या खोलीच्या सुरेख आठवणी आहेत. कॅमेरा एमिलीवर येतो. केली बिशप तिथे काहीही करत नाही. मान तशीच ताठ, मोत्याची कर्णफुलं जागच्या जागी, नजर तेवढी छताकडून भिंतीकडे आणि भिंतीकडून जमिनीकडे जाते. आपल्या घरातल्या इतक्या खोल्या सोडून मुलीला ही खोली बरी वाटली, हे तिला कळतं ते आपल्यालाही कळतं. आई म्हणाली, “थांबव जरा.” लेकीने थांबवलं. आई म्हणाली, “बाई चुकली असेल. पण तिला कुणी सांगितलं नाही गं, मुलगी कुठे झोपते ते.” बदलीच्या गावात आई पहिले महिने कशा खोलीत राहिली होती, हे मी आजीला कधी सांगितलं नाही, आईनेही नाही सांगितलं. ते वर पत्र्याचं छप्पर असलेलं घर मला अजून आठवतं, दुपारी भिंतीला हात लागला की चटका बसायचा.

एमिलीचं मोल समीक्षकांनाही हळूहळूच उमगलं. २५ नोव्हेंबर २०१६ ला नेटफ्लिक्सवर दीड-दीड तासाचे चार नवे भाग आले. रिचर्ड झालेले एडवर्ड हरमन २०१४ च्या अखेरीस गेले होते, म्हणून कथेतही रिचर्ड नव्हता. परीक्षणं यावेळी विभागलेली होती. गाव बघून गलबलून आलं असं सगळ्यांनी लिहिलं, रोरी भरकटलेली वाटली असं अनेकांनी लिहिलं, पोहण्याच्या तलावाकाठी जाड माणसांवर केलेल्या शेऱ्यांबद्दल कान उपटले, आणि ते योग्यच झालं. पण विधवा एमिलीबद्दल जवळजवळ एकमत होतं. सदा सूटमध्ये असणारी ही बाई जीन्स आणि टीशर्ट घालून घरातलं सामान उपसत बसते, खुर्च्यासुद्धा नको म्हणते, कारण आता कशानेच आनंद होत नाही. शेवटच्या भागात लोरलाय तिला डोंगरातून फोन करते आणि वडिलांची एक आठवण सांगते: मुलाने नाकारलं म्हणून शाळा बुडवून मॉलमध्ये रडत बसलेली ती, अचानक समोर आलेले वडील, न रागावता त्यांनी घेऊन दिलेला प्रेट्झेल, आणि मग दाखवलेला सिनेमा. ग्रॅहम ते सलग बोलते, मध्ये कुणी तोडत नाही, विनोद नाही. सोळा वर्षं या दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नव्हत्या. इथे एमिली फोन कानाला धरून ऐकते.

२०१८ मध्ये शर्मन-पॅलाडिनोला लेखन आणि दिग्दर्शन अशी दोन्ही एमी एकाच रात्री मिळाली, ‘द मार्व्हलस मिसेस मेझल’साठी. तोच वेग, तोच संवादांचा धबधबा, तासाभराचीच मालिका, यावेळी कॉमेडीच्या गटात. मला त्या रात्रीचा आनंद झाला, पण ग्रॅहमचं आणि बिशपचं काय, हा प्रश्न काही त्याने मिटत नाही.

केली बिशपने २०२४ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नाव ‘द थर्ड गिलमोर गर्ल’. हे मी घरी सांगितलं तर आई उसळलीच. “तिसरी का म्हणून? टेबल तिचं, पैसे तिचे, अट तिची. ती नसती तर या दोघी दर शुक्रवारी कुणाशी भांडल्या असत्या?” लेक म्हणाली, पण घर सोडायची हिंमत लोरलायने केली. आई म्हणाली, सोडायला घर लागतं आधी. मी मध्ये पडले नाही, भाजी निवडत बसले. दुसऱ्या सीझनमध्ये रिचर्ड नोकरी सोडून दिवसभर घरात बसतो आणि एमिलीची सगळी घडी विस्कटते, ते भाग आता सुरू झाले आहेत. बाबा निवृत्त झाले त्या वर्षाबद्दल आईला बरंच काही सांगायचं आहे असं दिसतंय. दर दहा मिनिटांनी ती टीव्ही थांबवायला लावते.